पाठ १५ : सत्तेपुढे सामान्यांचा शब्द

१५.१ प्रास्ताविक

प्रगतिपुस्तक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यांना शाळा लवकर सोडावी लागली, त्यांनीही ते भावंडांच्या किंवा मुलांच्या हातात पाहिलेले असते. त्यात गुण लिहिलेले असतात, खाली शिक्षकांचा शेरा असतो आणि त्यावर पालकांची सही घ्यावी लागते. समजा, असेच प्रगतिपुस्तक नळाला पाणी सोडणाऱ्या मंडळाचे, कचरा उचलणाऱ्या महानगरपालिकेचे किंवा वीज पुरवणाऱ्या कंपनीचे असते, तर? आणि त्यात गुण भरण्याचा अधिकार तुमच्याआमच्यासारख्या नागरिकांना असता, तर?

ही केवळ कल्पना नाही. बंगळुरू शहरात असे प्रगतिपुस्तक खरोखर तयार झाले. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांचे मन सामान्य माणसाने कसे वळवावे, या प्रश्नाचा विचार आपण या पाठात त्या उदाहरणाच्या आधारे करणार आहोत.

१५.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

• एकट्याची तक्रार आणि अनेकांचा पुरावा यांतील फरक सांगू शकाल;
• बंगळुरूच्या नागरिक प्रगतिपुस्तकाचा हेतू, पद्धत आणि परिणाम स्पष्ट करू शकाल;
• मुंबईच्या गिरणी कामगारांच्या निवेदनाशी त्याची तुलना करू शकाल;
• अशा प्रयत्नांच्या मर्यादा ओळखू शकाल;
• नेमक्या आणि संयत भाषेत निवेदन लिहू शकाल.

१५.३ मूळ पाठ

(अ) गाऱ्हाणे विरून का जाते?

सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव बहुधा सगळीकडे सारखाच असतो. तो आपली अडचण सांगतो. समोरचा कर्मचारी ती ऐकतो किंवा न ऐकल्यासारखे करतो आणि 'उद्या या' असे सांगतो. उद्या गेल्यावर साहेब दौऱ्यावर असतात. दोन-तीन खेपा झाल्या की रोजंदारी बुडते, उत्साह मावळतो आणि माणूस 'सरकारी काम, सहा महिने थांब' असे म्हणत घरी बसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाऱ्हाणे खोटे असते म्हणून ते विरत नाही. ते एकटे असते म्हणून विरते. अधिकाऱ्याला ते एका माणसाचे रडगाणे वाटते. 'तुमच्याच घरी पाणी येत नसेल, इतरांची तर तक्रार नाही' असे उत्तर त्याला सहज देता येते. शेजारच्या दहा घरांची अडचण तीच आहे, हे ठाऊक असूनही ते सिद्ध करण्याचे साधन तक्रारदाराजवळ नसते.

दुकानदाराने वाईट माल दिला, तर आपण दुसऱ्या दुकानात जातो आणि गिऱ्हाईक तुटेल या धाकाने दुकानदार सुधारतो. पण पाणी, मलनिस्सारण, रस्ते, जमिनीचे दाखले या गोष्टी देणारी संस्था एकच असते. तिला सोडून नागरिक जाणार कोठे? म्हणून तिच्यापर्यंत आपला शब्द पोहोचवण्याची दुसरी वाट शोधावी लागते.

(आ) कोरमंगलातून निघालेले प्रगतिपुस्तक

कोरमंगला हा बंगळुरूच्या आग्नेय भागातील एक मोठा परिसर आहे. तो 'ब्लॉक' नावाच्या विभागांत आखलेला आहे. बंगले, कार्यालये आणि रुंद रस्ते यांच्या शेजारीच येथे दाट वस्त्या आणि झोपडपट्ट्याही आहेत. एकाच शहरातील दोन वेगळी जगे येथे एकमेकांना लागून नांदतात. नव्वदच्या दशकात याच परिसरात 'पब्लिक अफेअर्स सेंटर' या स्वयंसेवी संस्थेचे कार्यालय होते.

या संस्थेचे संस्थापक सॅम्युएल पॉल हे अर्थतज्ज्ञ होते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे ते संचालक होते आणि पुढे त्यांनी जागतिक बँकेतही काम केले. बंगळुरूत परतल्यावर शहरातील सार्वजनिक सेवांची दुरवस्था त्यांना जाणवली. खाजगी उद्योग ग्राहकांचे मत विचारून आपला माल सुधारतात. मग सार्वजनिक सेवांविषयी नागरिकांचे मत कोणी पद्धतशीर का विचारू नये, असा साधा प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या नागरिकांनी उपस्थित केला.

१९९३ मध्ये हे काम सुरू झाले. शहरातील हजाराहून अधिक कुटुंबांना भेटून प्रश्न विचारण्यात आले. त्यांत मध्यमवर्गीय घरे होती आणि झोपडपट्टीतील घरेही होती. प्रश्न साधे होते. गेल्या काही महिन्यांत तुम्ही कोणत्या कार्यालयात गेलात? किती खेपा घालाव्या लागल्या? कर्मचारी कसे वागले? काम झाले का? वरकड पैसे द्यावे लागले का? एकूण सेवेविषयी तुम्ही समाधानी आहात का? वीज, पाणी, महानगरपालिका, विकास प्राधिकरण, दूरध्वनी, रुग्णालये, बँका, वाहन नोंदणी अशा विविध सेवांबाबत ही उत्तरे नोंदवण्यात आली.

१९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सार्वजनिक सेवांविषयी समाधानी असणारे नागरिक सरासरी दहांत एक एवढेच निघाले. बंगळूर विकास प्राधिकरणाविषयी पूर्ण समाधानी असणारे तर शंभरांत केवळ एक होते. झोपडपट्टीतील गरिबांनाही आपली कामे करून घेण्यासाठी लाच द्यावी लागत होती. जे सर्वांना ठाऊक होते, ते आता आकड्यांत मांडले गेले. प्रत्येक कार्यालयाला गुण मिळाले आणि कोणाचा क्रमांक शेवटचा, हेही सर्वांना दिसले.

हे निष्कर्ष कपाटात राहिले नाहीत. वृत्तपत्रांनी ते छापले आणि एकेका संस्थेची स्थिती क्रमाने वाचकांपुढे ठेवली. घराघरांत, बसथांब्यांवर त्यांची चर्चा झाली. प्रगतिपुस्तकाचे खरे बळ येथेच होते. अधिकाऱ्यांना शिव्याशाप दिलेले नव्हते, कोणा व्यक्तीवर आरोप केलेला नव्हता. पण एक संस्था दुसऱ्या संस्थेशेजारी मांडली होती. तुलना टाळणे कोणालाच शक्य नव्हते.

पाठगत प्रश्न १५.१

१. सार्वजनिक सेवांच्या बाबतीत नागरिकाला 'दुसऱ्या दुकानात' का जाता येत नाही?
२. पहिल्या प्रगतिपुस्तकाचे निष्कर्ष कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाले?
३. प्रश्न विचारताना कोणकोणत्या थरांतील कुटुंबे निवडली होती?

(इ) पुढे काय झाले?

प्रगतिपुस्तक प्रसिद्ध होताच कारभार सुधारला, असे झाले नाही. बहुतेक संस्थांनी आरंभी मौन पाळले. मात्र ज्या विकास प्राधिकरणाला सर्वांत कमी गुण मिळाले होते, त्याच्याच प्रमुखांनी सर्वप्रथम या संस्थेशी संपर्क साधला आणि दोष कोठे आहेत ते समजून घेण्यासाठी साहाय्य मागितले. १९९५ मध्ये महानगरपालिका आणि नागरिकांचे गट यांनी एकत्र बसावे यासाठी 'स्वाभिमान' नावाचे व्यासपीठ उभे राहिले.

१९९९ मध्ये दुसरे प्रगतिपुस्तक आले. काही सेवांत थोडी सुधारणा दिसली. पण लाच देणाऱ्यांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले. या वेळी संस्थांचे प्रमुख आणि नागरिक एका सभागृहात समोरासमोर आले. त्याच वर्षी राज्याचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी शहराच्या सुधारणेसाठी 'बंगळूर अजेंडा टास्क फोर्स' नावाचे कृतिदल नेमले. नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष होते. महानगरपालिका, पाणी मंडळ, विकास प्राधिकरण अशा संस्थांच्या प्रमुखांनी आपण काय करणार हे लोकांसमोर जाहीर करावे आणि काही महिन्यांनी काय केले याचा हिशेब द्यावा, अशी रीत त्यातून पडली.

२००० मध्ये महानगरपालिकेने मालमत्ता कराची स्वयंमूल्यांकन पद्धती आणली. नागरिकाने आपल्या घराचे क्षेत्रफळ आणि परिसर यांवरून स्वतःच कर काढून भरावा, अशी ती पद्धत होती. पूर्वी कर ठरवणे निरीक्षकाच्या मर्जीवर असे आणि जेथे मर्जी असते, तेथे लाचेला वाव मिळतो. नियम सर्वांना समजेल असा झाला, की मर्जीची जागा आपोआप आकुंचन पावते.

२००३ च्या तिसऱ्या प्रगतिपुस्तकात सेवांविषयी समाधानी असणाऱ्या नागरिकांचे प्रमाण सरासरी निम्म्याच्या आसपास पोहोचले होते आणि भ्रष्टाचारही घटलेला दिसला. हे सर्व श्रेय एकट्या प्रगतिपुस्तकाचे नव्हे. राजकीय इच्छाशक्ती, काही तळमळीचे अधिकारी, नवे तंत्रज्ञान यांचाही त्यात वाटा होता. परंतु बदल हवा आहे हे सरकारच्या दारात पुराव्यानिशी ठेवण्याचे काम नागरिकांच्या उत्तरांनी केले. बंगळुरूच्या या प्रयोगानंतर पुण्यासह देशातील इतर शहरांत आणि पुढे परदेशांतही अशी पाहणी झाली.

(ई) मुंबईचे जुने उदाहरण

संघटित आणि नेमक्या मागणीचे बळ मराठी माणसाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत. त्यांना आठवड्याची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी या कामगारांना एकत्र केले. १८८४ मध्ये सरकारने गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला, तेव्हा सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले.

त्या निवेदनातील मागण्या पाहा. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढेच लिहून ते थांबले नाहीत. काय हवे, किती हवे आणि केव्हा हवे, हे त्यांनी मोजून सांगितले.

तरीही लगेच काही मिळाले नाही. सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर जून १८९० मध्ये गिरणी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारांचे अंगठेही अनेक एकत्र आले, की त्यांचा शब्द बनतो, हे या घटनेने दाखवून दिले.

बंगळुरूचे प्रगतिपुस्तक आणि मुंबईचे निवेदन यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एकाचे साधन पाहणी, दुसऱ्याचे साधन सह्या. पण दोहोंचा गाभा एकच : विखुरलेले दुःख एकत्र करणे, ते मोजणे, सर्वांसमोर मांडणे आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडणे.

(उ) यशाच्या मर्यादा

केवळ यशाच्या कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००४ मध्ये कर्नाटकात सरकार बदलले आणि ते कृतिदल मागे पडले. एका मुख्यमंत्र्याच्या इच्छेवर उभे राहिलेले व्यासपीठ त्याच्याबरोबरच खाली आले. यावरून असा धडा मिळतो, की मिळवलेली गोष्ट कायद्यात उतरली नाही, तर ती टिकेल याची शाश्वती नसते.

दुसरा अनुभव याहून कठोर आहे. कोरमंगलाला लागूनच एजीपुरा हा भाग आहे. तेथे दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या सदनिका होत्या. इमारती मोडकळीस आल्या, काही कोसळल्या आणि अनेक कुटुंबे त्याच जागेवर पत्र्याच्या खोल्यांत राहू लागली. त्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, न्यायालयाचे दारही ठोठावले. तरीही जानेवारी २०१३ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, पोलीस बंदोबस्तात हजाराहून अधिक कुटुंबांची घरे पाडण्यात आली. मूळ वाटपधारक कोण आणि नंतर आलेले भाडेकरू कोण, हा कागदावरचा भेद तेव्हा अनेकांना फार महागात पडला.

म्हणजे, सत्तेला पटवून देण्याची शक्ती सर्वांजवळ सारखी नसते. ज्याच्या नावावर घर आहे, ज्याचे नाव यादीत आहे, ज्याला वृत्तपत्रे ओळखतात, त्याचा शब्द लवकर ऐकला जातो. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही, त्याला आधी 'मी आहे' हेच सिद्ध करावे लागते. म्हणूनच पहिल्या प्रगतिपुस्तकात झोपडपट्टीतील कुटुंबांनाही प्रश्न विचारले गेले, ही गोष्ट महत्त्वाची होती. मोजणीत ज्याला स्थान नाही, त्याला निर्णयातही स्थान मिळत नाही.

(ऊ) आज आपल्या हाती काय आहे?

१९९३ च्या तुलनेत आज नागरिकाच्या हाती अधिक साधने आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कोणताही नागरिक सार्वजनिक कार्यालयाकडे माहिती मागू शकतो. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याचे म्हणणे लिहून घेण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील करता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क द्यावे लागत नाही.

ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हादेखील आता हक्क आहे. कर्नाटकात २०१२ पासून 'सकाल' ही योजना आहे, तर महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. महाराष्ट्रात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तेथे नागरिकाला वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे आपली तक्रार मांडता येते.

परंतु साधन असणे आणि ते वापरता येणे यांत अंतर आहे. अर्ज करणारा माणूस निर्भय असावा लागतो आणि त्याच्या पाठीशी शेजारी उभे असावे लागतात. एकाने अर्ज करणे आणि चाळीस घरांनी मिळून नोंद ठेवणे, या दोहोंत जो फरक आहे, तोच या पाठाचा मुख्य विचार आहे.

पाठगत प्रश्न १५.२

१. कमी गुण मिळालेल्या विकास प्राधिकरणाने काय केले?
२. १८८४ च्या निवेदनातील कोणत्याही दोन मागण्या लिहा.
३. माहितीचा अर्ज लिहिता न येणाऱ्या व्यक्तीबाबत कायदा काय सांगतो?

१५.४ भाषेचा अभ्यास : निवेदनाची भाषा

पुढील दोन उतारे वाचा. दोन्ही काल्पनिक आहेत.

(क) 'आमच्या भागात पाण्याचे फार हाल आहेत. कोणी लक्ष देत नाही. अधिकारी झोपले आहेत काय? त्वरित पाणी सोडा, नाहीतर परिणाम वाईट होतील.'

(ख) 'महोदय, आमच्या गल्लीत ४२ घरे आहेत. १ ते १४ तारखेच्या काळात त्यांपैकी ३६ घरांना केवळ पाच दिवस पाणी मिळाले. रोजची नोंद सोबत जोडली आहे. शेजारच्या गल्लीत याच काळात दररोज पाणी आले. आमच्या जलवाहिनीची तपासणी करून दुरुस्तीची तारीख कळवावी, ही विनंती. पंधरा दिवसांनी आमचे प्रतिनिधी आपल्या भेटीस येतील.'

पहिल्या उताऱ्यात संताप आहे आणि तो खराही आहे. पण अधिकाऱ्याने नेमके काय करावे, हे त्यात नाही. दुसऱ्या उताऱ्यात संख्या, काळ, पुरावा, तुलना, मागणी आणि पुढील भेटीची सूचना आहे. त्यात 'विनंती' हा शब्द आहे. परंतु लाचारी नाही. 'महोदय' हे संबोधन आहे. परंतु भीती नाही. आदर आणि ठामपणा ही दोन्ही एकाच वाक्यात राहू शकतात. चांगल्या निवेदनाची हीच खूण होय.

१५.५ तुम्ही काय शिकलात?

• एकट्याचे गाऱ्हाणे टाळता येते. अनेकांचा मोजलेला अनुभव टाळणे कठीण असते.
• व्यक्तीवर आरोप करण्यापेक्षा संस्थांच्या कामाची तुलना अधिक परिणामकारक ठरते.
• बदल एका प्रयत्नात होत नाही. बंगळुरूत १९९४, १९९९ आणि २००३ अशी तीन प्रगतिपुस्तके झाली. मुंबईच्या कामगारांना सहा वर्षे लागली.
• ज्यांची कागदावर नोंद नाही, त्यांचा आवाज सर्वांत आधी हरवतो. त्यांना मोजणीत घेणे आवश्यक आहे.
• मिळवलेली सुधारणा कायद्यात उतरली, तरच ती टिकण्याची शक्यता वाढते.

१५.६ कृती

तुमच्या गल्लीतील किंवा वाडीतील दहा घरे निवडा. एका सेवेविषयी – पाणी, कचरा, वीज किंवा शिधावाटप – प्रत्येक घरी तेच तीन प्रश्न विचारा. उत्तरे एका तक्त्यात भरा. त्यांवरून त्या सेवेचे लहानसे प्रगतिपुस्तक तयार करून आपल्या अभ्यासकेंद्रात वाचून दाखवा.

१५.७ स्वाध्याय

१. 'गाऱ्हाणे खोटे असते म्हणून ते विरत नाही. ते एकटे असते म्हणून विरते.' या विधानाचे स्वानुभवाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. बंगळुरूचे प्रगतिपुस्तक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे निवेदन यांतील साम्य आणि भेद लिहा.
३. एजीपुराच्या घटनेवरून प्रगतिपुस्तकासारख्या प्रयत्नांच्या कोणत्या मर्यादा दिसतात?
४. तुमच्या परिसरातील एका समस्येविषयी संबंधित कार्यालयास शंभर ते दीडशे शब्दांत निवेदन लिहा.

१५.८ शब्दार्थ

मलनिस्सारण – सांडपाणी व मैला वाहून नेण्याची व्यवस्था
वरकड – ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तीचे
कृतिदल – विशिष्ट कामासाठी नेमलेला गट
स्वयंमूल्यांकन – आपले मूल्य आपणच ठरवणे
वाटपधारक – ज्याच्या नावे घर किंवा जागा दिली गेली आहे तो
शाश्वती – खात्री

१५.९ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१५.१ – १. या सेवा देणारी संस्था एकच असते. २. १९९४. ३. मध्यमवर्गीय तसेच झोपडपट्टीतील कुटुंबे.

१५.२ – १. सर्वप्रथम संपर्क साधून दोष समजून घेण्यासाठी साहाय्य मागितले. २. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती (किंवा पाठातील अन्य कोणत्याही दोन मागण्या). ३. त्याचे म्हणणे लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य केले पाहिजे.